पायरी ओळखून

मराठी मुलांच्या खेळात 'कच्चा लिंबू' नावाची एक जुनी संस्था आहे. लपंडाव असो, लगोरी असो वा पकडापकडी असो, धाकट्या भावंडाला खेळात तर घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही, असा तो अलिखित करार. त्यात दया आहे, सोय आहे आणि थोडी फसवणूकही आहे. कारण आपण कच्चे लिंबू आहोत, हे त्या बिचाऱ्याला बहुधा ठाऊकच नसते. ज्या दिवशी ते त्याला उमगते, त्या दिवशी तो एकतर रडत घरी जातो, नाहीतर 'माझ्यावरही राज्य येऊ द्या' असा हट्ट धरून बसतो. हा हट्ट म्हणजे त्याच्या मोठे होण्याची पहिली खूण होय.

संगणकावरील खेळांनी ही संस्था उचलली, तिच्या पायऱ्या बांधल्या आणि प्रत्येक पायरीला नाव दिले. आज आपल्या घरातील मुलगा वा मुलगी व्यूहरचनेचा नवा खेळ उघडते, तेव्हा पहिली चाल करण्याआधीच तिला विचारले जाते : काठिण्यपातळी कोणती? अनेक पालकांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. कादंबरीचे परीक्षण करताना आपण तिच्या पहिल्या वाक्याकडे बारकाईने पाहतो. त्याच न्यायाने या खेळांच्या पहिल्या प्रश्नाकडे पाहावे, आणि तो प्रश्न माणसाविषयी काय गृहीत धरतो ते तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल आम्ही 'सिव्हिलायझेशन' हा खेळ घेतो. तो आम्ही खेळून पाहिला आहे, आणि तरुण मुले तो कशी खेळतात हेही पाहिले आहे. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला हा खेळ 'मायक्रोप्रोज' या अमेरिकन कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणला. ख्रिस्तपूर्व ४००० या वर्षी आपल्या हाती वसाहतकारांची एक तुकडी येते. तिने पहिले नगर वसवायचे. मग शेती, लिपी, नौकानयन, छापखाना, वीज असा प्रवास करीत थेट अंतराळयानापर्यंत पोहोचायचे. शेजारी इतर संस्कृती असतात. त्या संगणक चालवतो. त्यांच्याशी व्यापार करावा, मैत्री करावी वा युद्ध करावे. या खेळाचा सहावा भाग २०१६ साली आणि सातवा फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला; हे दोन्ही 'फिरॅक्सिस' या संस्थेने घडवले आहेत.

पहिल्या खेळात काठिण्याच्या पाच पायऱ्या होत्या : चीफटन, वॉरलॉर्ड, प्रिन्स, किंग आणि एम्परर. म्हणजे टोळीचा नायक, सरदार, राजपुत्र, राजा आणि सम्राट. १९९६ सालच्या दुसऱ्या भागात सम्राटाच्याही वर एक पायरी आली आणि तिचे नाव ठेवले गेले 'डीईटी', म्हणजे देव. सहाव्या भागात या पायऱ्या आठ झाल्या. तळाशी सेटलर अर्थात वसाहतकार, मधोमध राजपुत्र, सम्राटानंतर 'इम्मॉर्टल' म्हणजे अमर, आणि माथ्यावर पुन्हा देव.

ही नावे निष्पाप नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासमोर अशी यादी ठेवली की तो तीत खेळाची अडचण वाचत नाही, स्वतःची प्रतिष्ठा वाचतो. 'तू कोण आहेस?' असेच जणू त्याला विचारलेले असते. मित्रांसमोर स्वतःला 'वसाहतकार' म्हणवून घेणे कोणाला रुचेल? शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर देवाचे नाव लिहून ठेवले असता मानवी मन काय करते, हे उत्पत्तीच्या पुस्तकाने आपल्याला फार पूर्वी सांगितले आहे. एदेन बागेतील पहिला मोह फळाच्या गोडीचा नव्हता. देवासारखे होण्याचा होता. खेळाच्या रचनाकारांच्या मनात ईश्वरनिंदा होती, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांनी केवळ एक दिमाखदार शब्द निवडला. परंतु शब्द निवडणाऱ्याचा हेतू एक असतो आणि शब्दाचा परिणाम दुसरा, हे साहित्याच्या वाचकांना सांगावयास नको.

आता या पायऱ्यांवर प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी की वरच्या पायरीवर संगणक अधिक हुशारीने खेळतो. बुद्धिबळाच्या संगणकांच्या बाबतीत हे बरेच खरे आहे. तेथे पातळी वाढली की यंत्र अधिक खोल विचार करते. 'सिव्हिलायझेशन'मध्ये मात्र पातळी वाढली म्हणून प्रतिस्पर्धी फारसा शहाणा होत नाही. तो श्रीमंत होतो. सहाव्या भागात 'प्रिन्स' ही पायरी समतोलाची : तेथे कोणालाच झुकते माप नाही. तिच्याखाली ते माप खेळाडूच्या बाजूने झुकते, तिच्यावर संगणकाच्या बाजूने. 'डीईटी' पायरीवर आपल्याला वसाहतकारांची एक तुकडी मिळते, तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला तीन. त्याच्या कारखान्यांचे उत्पादन आणि तिजोरीतील सोने ८० टक्क्यांनी अधिक, विज्ञान आणि संस्कृती ३२ टक्क्यांनी अधिक, आणि लढाईत त्याच्या प्रत्येक सैनिकी तुकडीच्या बळात चार गुणांची भर. एवढे सगळे पदरात घालूनही त्याच्या चाली जवळपास त्याच राहतात.

येथे एका गोष्टीचे आम्हांस हसू आले आणि वाईटही वाटले. या खेळात 'श्रद्धा' हेदेखील एक मोजण्याजोगे धन आहे. श्रद्धा साठवावी, तिच्या मोबदल्यात धर्मप्रसारक आणि प्रेषित विकत घ्यावेत, आणि भिन्न धर्मांच्या प्रेषितांची गाठ पडली की त्यांनी आकाशातून विजा पाडीत परस्परांशी वाद घालावा, अशी तेथे व्यवस्था आहे. वरच्या पायरीवर संगणकाला श्रद्धाही ३२ टक्के जादा मिळते! मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाची महती गाणाऱ्या शुभवर्तमानाचे वाचक आपण. आपल्याला या हिशेबाची गंमत वाटावी, एवढेच. खेळाने श्रद्धेची नक्कल केली म्हणून श्रद्धेचे काही बिघडत नाही. पण खेळणाऱ्या मुलाला ही नक्कल असल्याचे कोणीतरी सांगितलेले असावे.

मूळ मुद्द्याकडे येऊ. दुबळ्याला आधार देण्याची प्रथा जुन्या खेळांतही आहे. पूर्व आशियातील 'गो' या खेळात दुबळ्या खेळाडूला दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या आधीच पटावर मांडू देतात. पण त्या सोंगट्या उघड्यावर असतात. दोघेही त्या पाहतात, मोजतात, आणि किती आधार घेतला हे सामना संपल्यावरही विसरत नाहीत. शिष्याची प्रगती तेथे सरळ मोजता येते : गेल्या वर्षी पाच सोंगट्यांचा आधार लागत होता, यंदा तीन पुरतात. 'सिव्हिलायझेशन'मधील नावे मात्र या आकड्यांविषयी अवाक्षर काढीत नाहीत. 'राजा' म्हणजे नेमके किती? 'अमर' म्हणजे कशाच्या तुलनेत? समीक्षक म्हणून आमचा पहिला आक्षेप हा आहे : माप द्यायला हवे होते तेथे बिरुद दिले आहे. बिरुद माणसाला फुगवते वा खजील करते. माप त्याला शिकवते.

मग खेळाडूने पायरी निवडावी तरी कशी? त्यासाठी व्यूहरचनेच्या खेळाचा गाभा काय, हे आधी ठरवावे लागेल. असा खेळ हा निर्णयांचा असतो. नगर नदीकाठी वसवावे की डोंगराच्या कुशीत, आधी नांगर की आधी भाला, शेजाऱ्याशी तह की चढाई, अशा प्रश्नांवर त्याचा सारा रस अवलंबून आहे. जेथे निर्णयाला किंमत आहे तेथेच रस आहे. सगळ्यांत खालच्या पायरीवर काहीही केले तरी जय होतो. म्हणजे निर्णयाला अर्थ उरत नाही. अननुभवी माणसाला सगळ्यांत वरच्या पायरीवर काहीही केले तरी पराजय होतो; तेथेही निर्णयाला अर्थ उरत नाही. वरवर विरुद्ध दिसणारी ही दोन टोके आतून एकच आहेत. आळसाने शेत पडीक टाकणारा आणि हाव धरून एकाच वावरात चार पिके कोंबणारा, दोघांचेही खळे रिकामेच राहते.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या 'फ्लो' या ग्रंथात हेच वेगळ्या भाषेत मांडले आहे : आव्हान कौशल्याहून फार कमी असले की कंटाळा येतो, फार अधिक असले की धास्ती बसते, आणि या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवर माणूस कामात रंगून जातो. हे खरेच, परंतु खेळाडूला ही वाट ओळखण्यासाठी एखादी घरगुती कसोटी हवी. आमची कसोटी अशी : हरल्यावर ज्या पायरीवर 'मी अमुक ठिकाणी चुकलो' असे बोट ठेवून सांगता येते, ती आपली पायरी. जिंकूनही का जिंकलो ते सांगता येत नसेल, तर एक पायरी वर चढावे. हरून का हरलो ते सांगता येत नसेल, तर एक पायरी खाली यावे. जयपराजयापेक्षा त्यांचे कारण समजणे महत्त्वाचे.

कसोटी सोपी आहे, पण ती लावण्यात एक अडचण आहे. प्रश्न विचारला जातो तो खेळाडू सर्वांत अज्ञानी असतो त्या क्षणी. पट पाहिला नाही, नियम कळले नाहीत, शेजारी कोण हे ठाऊक नाही, आणि पायरी मात्र आत्ताच सांगा! सहाव्या भागात तर एकदा डाव सुरू झाला की पायरी बदलता येत नाही. आणि नेहमीच्या गतीचा पूर्ण डाव ५०० फेऱ्यांपर्यंत लांबू शकतो. म्हणजे कित्येक संध्याकाळी ज्या निवडीवर जायच्या, ती निवड माहितीवाचून करावयाची.

या बाबतीत आपली धर्मसभा अधिक व्यवहारी आहे, असे आम्ही नम्रपणे नमूद करू इच्छितो. संन्यस्त जीवनाची ओढ वाटणाऱ्या तरुणाकडून पहिल्याच दिवशी आजन्म व्रते कोणी मागत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार त्याने निदान बारा महिने उमेदवारीत घालवायचे. त्यानंतर व्रते घ्यायची तीही किमान तीन वर्षे तात्पुरती. आणि मगच आजन्म शब्द द्यायचा. तोवर त्याला जीवन कळते आणि जीवनाला तो कळतो. खेळाडूनेही स्वतःसाठी अशी उमेदवारी ठरवून घ्यावी. याच खेळात दोनच प्रतिस्पर्ध्यांचा छोटा नकाशा निवडता येतो आणि डावाची गतीही वाढवता येते. पहिला डाव तसा खेळावा, तो जिंकण्यासाठी नव्हे तर पट समजण्यासाठी, आणि कामापुरता झाला की निःसंकोच सोडून द्यावा. त्यानंतर पायरीचा प्रश्न पुन्हा स्वतःला विचारावा. नियम जाणणाऱ्या पण नवख्या खेळाडूला 'प्रिन्स' ही समतोलाची पायरी योग्य. ज्याने असा खेळ कधीच पाहिला नाही त्याने तिच्याखालून आरंभ करण्यात काहीच कमीपणा नाही.

प्रभू येशूने सांगितलेला एक दाखला येथे सहजच आठवतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात एक राजा आहे. त्याच्यापाशी दहा हजारांचे सैन्य आहे आणि समोरून वीस हजारांचे सैन्य चालून येत आहे. तो शहाणा राजा प्रथम खाली बसतो आणि विचार करतो. झेपत नसेल तर शत्रू दूर असतानाच वकील पाठवून तहाची बोलणी करतो. त्याच्या शेजारीच बुरूज बांधू पाहणारा माणूस आहे. त्यानेही आधी खर्चाचा हिशेब मांडावा, नाहीतर पाया घालून काम अडायचे आणि लोक हसायचे. या दाखल्यांचा मूळ रोख शिष्यत्वाच्या किमतीवर आहे. ते खेळासाठी सांगितलेले नाहीत, हे आम्ही विसरत नाही. तरीही त्यांतील 'आधी बसणे' आम्हांस मोलाचे वाटते. शौर्य आणि हिशेब यांचे वैर नाही. ज्याने हिशेब केला नाही त्याचे शौर्य दुसऱ्या दिवशी ओसरते.

हिशेब करणारा मात्र प्रामाणिक हवा, आणि तेथेच आपण कमी पडतो. सिड मायर यांनी २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोत खेळ-रचनाकारांपुढे केलेल्या भाषणात एक मार्मिक निरीक्षण सांगितले होते. लढाईत आपले बळ तिप्पट असल्याचे खेळाडूला दाखवले आणि तरी तो हरला, तर तो चिडतो, खेळ खोटा आहे म्हणतो; वास्तविक अशा चार लढायांत एखादी हरणे हे गणितानेच ठरलेले असते. उलट शत्रूचे बळ तिप्पट असताना तो स्वतः जिंकला, तर त्यात त्याला काहीच वावगे वाटत नाही. दैवाने दिलेले ते आपले कर्तृत्व आणि दैवाने नेलेले तो अन्याय, हा हिशेब खेळापुरता नाही. प्रायश्चित्त संस्कारापूर्वीच्या सदसद्विवेक-परीक्षेत आपण सर्वच जण हा हिशेब थोडाफार उलटा मांडतो.

या उलट्या हिशेबाचे एक रूप फार प्रचलित आहे. खेळाडू वरची पायरी निवडतो, आणि डाव अंगाशी आला की आधी साठवून ठेवलेल्या जागी मागे जाऊन तीच चाल पुन्हा खेळतो. हवे तसे दान पडेपर्यंत खेळतो. शेवटी सांगायला 'देव' पायरी जिंकलेली असते. हा कोणता गुन्हा नव्हे. एकटा खेळणारा कोणाला फसवीत नाही, फार तर स्वतःला फसवतो. पण मग खालच्या पायरीवर न मागे फिरता खेळलेला डाव अधिक सरस नव्हे काय? झालेली चूक घेऊन पुढे जाणे आणि झालेली चूक झालीच नाही असे मानून पुढे जाणे, यांत मोठे अंतर आहे. क्षमा पहिल्या प्रकारात मोडते. पश्चात्ताप करणाऱ्याचे गतायुष्य पुसले जात नाही; ते घेऊनच त्याला नव्याने चालावयाचे असते.

एका आक्षेपाचा येथे विचार केला पाहिजे. काही अनुभवी खेळाडू म्हणतात, अवघड पायरीवर आरंभ करावा. पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. सोप्या पायरीवर लागलेल्या सवयी पुढे नडतात. भरपूर धान्य असताना साठवण शिकत नाही, शत्रूच नसताना तटबंदी शिकत नाही. पण विहिरीत ढकलणाऱ्याने कमरेला दोर वा सुकडी बांधलेली असते आणि तो काठावर उभा असतो, हे सोयीस्कररीत्या विसरले जाते. शिवाय 'देव' पायरीची शिकवणही एकांगी असते. सुरुवातीचे अंतर इतके मोठे की भव्य वास्तू उभाराव्यात, कला फुलवावी, शांततेत राज्य वाढवावे, हे मार्ग नवख्यासाठी जवळपास बंदच होतात. आधी शेजाऱ्याची नगरे बळकावणे हाच बहुतेकांना सुचणारा उपाय. ज्या खेळाचा गौरव त्याच्या अनेक वाटांसाठी करायचा, त्याची एकच रक्तरंजित वाट उरते. टंचाई माणसाला कणखर करते हे खरे. ती त्याला कठोरही करते.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेचे येथे स्मरण करावेसे वाटते. व्यूहरचना म्हणजे काय हे त्या माजी सैनिकाला आमच्याहून अधिक कळत होते. पुस्तिकेच्या प्रारंभीच त्यांनी साधना देणाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवल्या आहेत. त्यांतील अठरावी सूचना सांगते की साधना घेणाऱ्याचे वय, शिक्षण आणि कुवत पाहून साधना जुळवून द्यावी. जे पेलणार नाही ते त्याच्यावर लादू नये. एकोणिसावी सूचना कामाधंद्यात गुंतलेल्या माणसासाठी आहे. त्याने रोज दीड तास काढावा. विसावी सूचना सर्व पाश काही काळ दूर ठेवून एकांतात पूर्ण साधना करू इच्छिणाऱ्यासाठी. साधना एकच, ध्येय एकच, प्रवेशाची दारे तीन. आणि विशेष म्हणजे यांतील कोणत्याही दाराला इग्नेशियसने 'लहान' वा 'महान' असे नाव दिलेले नाही. हाच धडा खेळ-रचनाकारांनी घ्यावा, असे आम्हांस वाटते.

खेळ हा खेळ राहावा, हेही सांगितले पाहिजे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, १६८ व्या प्रश्नात, खेळकरपणाचा विचार केला आहे. ॲरिस्टॉटलकडून घेतलेला 'युट्रपेलिया' हा शब्द वापरून ते खेळकरपणाला सद्गुणांत स्थान देतात. खेळाच्या अतिरेकात जसा दोष आहे, तसा खेळाच्या अभावातही आहे, असे त्यांचे मत. आमच्या समजुतीप्रमाणे काठिण्यपातळीची निवड ही या मध्यममार्गाची कसोटी आहे. केवळ पायरीच्या नावासाठी रात्रीचा दिवस करणारा मुलगा खेळत नसतो, मजुरी करीत असतो. आणि कसलाच धोका नको म्हणून कायम तळाशी बसणारा मुलगा वेळ काढीत असतो. दोघांच्याही विसाव्याचे खोबरे झालेले असते.

आता ज्यासाठी हा लेखनप्रपंच, त्या गोष्टीकडे वळतो. 'पायरी ओळखून वागावे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार कानांना गोड नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो वरच्यांनी खालच्यांना सुनावला. दुसऱ्याने नेमून दिलेली पायरी ओळखणे म्हणजे लाचारी. आपण स्वतः सत्याने मोजलेली पायरी ओळखणे म्हणजे नम्रता. पहिलीत माणूस तेथेच राहतो, दुसरीत तो तेथून निघतो. आपल्या कुटुंबांत या दोहोंची गल्लत होताना दिसते. आठवीतल्या मुलाला त्याची गती न पाहता थेट आयआयटीच्या वर्गात बसवायचे, आणि तो मागे पडला की त्यालाच बोल लावायचा, म्हणजे नवख्याला 'देव' पायरीवर ढकलणे होय. तो मुलगा हरतो, पण का हरला ते त्याला सांगता येत नाही. 'मी मुळातच कमी' एवढेच त्याच्या मनात राहते. दुसऱ्या बाजूस अशीही घरे आहेत, जेथे वीस वर्षांच्या मुलाचे पाणीही आई भरून ठेवते, त्याच्या वतीने बाप बोलतो, आणि चर्चमध्ये वाचनाला उभे राहण्याची वेळ आली की 'त्याला सवय नाही, फादर' असे उत्तर मिळते. तो कायमचा कच्चा लिंबू. त्याच्यावर राज्य कधी येतच नाही. आणि ज्याच्यावर कधी राज्य आले नाही, त्याला राज्य चालवताही येत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती अशी की मुलाने नवा खेळ उघडला तर 'बंद कर ते' एवढ्यावर थांबू नका. त्याच्या शेजारी बसून विचारा : 'कोणती पायरी घेतलीस? का घेतलीस? काल कशाने हरलास?' शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याने नीट दिले, तर मुलगा शिकतो आहे असे समजा. तो गप्प राहिला वा यंत्राला शिव्या देऊ लागला, तर तेथे बोलण्यासारखे काही आहे. ही सवय खेळात लागली तर अभ्यासात, नोकरीत आणि प्रार्थनेतही उपयोगी पडेल.

खेळाविषयी आमचे एकंदर मत अनुकूल आहे. नदी, डोंगर, लिपी, व्यापार यांची सांगड घालून मानवी इतिहास एका पटावर मांडण्याची त्याची हातोटी विलक्षण आहे, आणि एकाच पटावर नवखा व निष्णात दोघांनाही जागा करून देण्याचा त्याचा हेतू उदार आहे. उणीव आहे ती नावांत आणि लपवलेल्या मापांत. सातव्या भागात पायऱ्या आठाच्या सहा झाल्या आणि काही नावे बदलली. मधल्या पायऱ्यांवर आता 'गव्हर्नर' आणि 'व्हाइसरॉय' आले आहेत. पोर्तुगीज व्हाइसरॉयांचा अंमल पाहिलेल्या वसई-गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यांच्या वंशजांना हे नाव वाचून काय वाटेल, हा निराळाच विषय. माथ्यावरचा 'देव' मात्र अजून हललेला नाही.

तरी त्यांतील एक बदल आम्हांस मनापासून आवडला. सर्वांत खालच्या पायरीचे नाव आता 'स्क्राइब' आहे, म्हणजे लेखनिक. शुभवर्तमानाच्या परिभाषेत सांगायचे तर शास्त्री. मत्तयच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू अशा शास्त्र्याविषयी बोलतो जो स्वर्गराज्याचा शिष्य झाला आहे. तो आपल्या कोठारातून नवे आणि जुने दोन्ही बाहेर काढणाऱ्या गृहस्थासारखा असतो. नवख्याला शोभणारे याहून चांगले नाव क्वचितच सापडेल. लेखनिक राजा नसतो, पण तो पाहतो, टिपून ठेवतो आणि कालची नोंद आज वाचू शकतो. ज्याला आपला कालचा पराजय वाचता येतो, त्याने कोणत्याही पायरीवरून आरंभ केला तरी चालेल. आणि ती पायरी सर्वांत खालची असेल, तर त्याने ते नाव अभिमानाने सांगावे.